कान्होजी आंग्र्यांच्या काळातील गुराब, प्रमाण १:७२ : रंगांसाठी आधार कोणता धरावा?

चेंदणीकर (ठाणे) :

नमस्कार मंडळी. मी गेली काही वर्षे लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करतो. आजवरची सर्व जहाजे युरोपीय होती आणि तयार संचातून केलेली होती, त्यामुळे कोणता भाग कोणत्या रंगाचा हा प्रश्न संचासोबतची पुस्तिकाच सोडवत असे. आता प्रथमच संचाशिवाय, मराठा आरमारातील तीन डोलकाठ्यांची गुराब, म्हणजे मोठी लढाऊ नौका, १:७२ या प्रमाणात करायला घेतली आहे. कणा आणि फासळ्या उभ्या राहिल्या आहेत. फळ्या चढवण्यापूर्वी रंगांचा निर्णय व्हायला हवा, कारण लाकूड उघडे दिसू द्यायचे की रंगाखाली झाकायचे यावर फळ्यांसाठी कोणते लाकूड घ्यायचे ते अवलंबून आहे.

अडचण अशी की जमवलेली चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत. दिनदर्शिकांवरील आणि भेटवस्तूंच्या दुकानांतील गुराबा चकचकीत तांबूस तपकिरी असतात. काही प्रदर्शनांतील प्रतिकृतींचे अंग काळे असून तोफांच्या ओळीवर पिवळा पट्टा असतो. १७५६ च्या विजयदुर्गाच्या लढाईच्या एका इंग्रजी तैलचित्राची छापील प्रत माझ्याकडे आहे. तीत सगळीच जहाजे धुरात करडी दिसतात. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवरील जहाजांची छायाचित्रेही मी स्वतः काढून आणली आहेत.

पाण्यावरचे अंग, पाण्याखालचे अंग, आणि शिडे, दोर व निशाण, या तिन्ही बाबतींत कशाला प्रमाण मानावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सागवान (ऐरोली) :

चेंदणीकर, रंगाच्या आधी साल ठरवा. आपण 'कान्होजींचा काळ' असे म्हटले आहे, परंतु कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले आणि विजयदुर्गाची ती लढाई त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, तुळाजी आंग्र्यांच्या वेळी झाली. मधल्या काळात आंग्र्यांच्या ताफ्यात पकडलेली युरोपीय जहाजेही आली होती. १७३५ मध्ये धरलेले 'डर्बी' हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. म्हणजे १७५६ च्या चित्रात दिसणारे प्रत्येक जहाज कोकणातल्या मिस्त्रीने बांधलेले असेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय ही चित्रे रंगवणारा डॉमिनिक सेरेस हा लंडनमध्ये बसून काम करणारा चित्रकार होता. त्याने विजयदुर्ग पाहिलेला नव्हता; दुसऱ्यांनी दिलेल्या माहितीवरून त्याने लढाईचा देखावा उभा केला. किल्ल्याची ठेवण आणि ताफ्याची मांडणी यांसाठी त्याचे चित्र जरूर पाहावे, मात्र गुराबेच्या फळीचा रंग त्यातून उचलू नये.

वीरगळांचा प्रश्न याहून सोपा आहे. एकसरचे वीरगळ शिलाहारकाळाच्या आसपासचे, म्हणजे आपल्या गुराबेपेक्षा साडेचार-पाचशे वर्षे जुने आहेत, आणि ती वल्ह्यांची लांब जहाजे आहेत. ठाणे ही शिलाहारांची राजधानी असल्यामुळे आपल्याला त्यांची ओढ वाटते, मलाही वाटते, पण या कामात ते बाजूला ठेवावेत.

काळ्या अंगावरचा पिवळा पट्टा कुठून येतो हे ओळखणे कठीण नाही. तो १८०० च्या आगेमागे इंग्रजी युद्धनौकांवर रूढ झाला आणि बाजारातील बहुतेक संच त्याच काळातील जहाजांचे असल्यामुळे प्रतिकृतिकारांच्या हाताला त्याची सवय लागली आहे. १७२० च्या सुमारास तर खुद्द इंग्रजी जहाजांची बाजूही सामान्यतः रोगण दिलेल्या उघड्या लाकडाची असे आणि जाड पट्ट्याच्या फळ्या तेवढ्या काळ्या असत. तेव्हा तो पट्टा आपल्या गुराबेवर काढणे म्हणजे इंग्रजांनीच अजून न केलेली गोष्ट आंग्र्यांच्या माथी मारणे होय.

मग आधार कशाचा? मी स्वतः लिखित वर्णनाला सर्वांत वरचे स्थान देतो. रॉबर्ट ऑर्म याने १७६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात गुराब आणि गलबत यांचे जे वर्णन दिले आहे ते आपल्याला जवळजवळ बांधकामाच्या सूचनांसारखे उपयोगी पडेल. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची आणि दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत असते. लांबीच्या मानाने ती रुंद, पाण्यात फार न बुडणारी, आणि मधल्या भागापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी असते. पुढे गोल नाळेऐवजी भूमध्य समुद्रातील गॅलीसारखे लांब चोचदार टोक असते आणि मुख्य डेकच्या पातळीतच त्यावर मजबूत डेक घातलेला असतो. या पुढच्या डेकला कठडा नसतो, कारण समोरून लाटा येत असताना ही नौका नाकावर जोराने आपटते आणि वर चढलेले पाणी अडथळ्याविना वाहून जावे लागते. त्याच्या मागे आडवी भिंत असून तिच्यातल्या भोकांतून नऊ किंवा बारा रतली गोळ्याच्या दोन तोफा थेट पुढे, चोचीवरून मारा करतात; बाजूच्या तोफा सहा ते नऊ रतली असतात.

आता हे वर्णन रंगाच्या दृष्टीने वाचा. चोचीवरचा डेक सतत खाऱ्या पाण्याने धुतला जाणारा, म्हणून राखाडी पडलेला असणार. त्यामागच्या आडव्या भिंतीवर तोफांच्या तोंडाची काजळी साचलेली असणार. मुख्य डेकवर माणसांची वर्दळ, म्हणून तेथे तेलकट काळपटपणा. एकाच सागवानाच्या या तीन वेगळ्या छटा झाल्या, आणि त्यांपैकी एकीलाही रंगाचा डबा लागलेला नाही.

दोन पथ्ये जरूर पाळा. तळाला तांब्याचे पत्रे लावू नका. इंग्रजी आरमाराने तांब्याच्या पत्र्याचा पहिला प्रयोग 'अलार्म' या जहाजावर केला तो १७६१ मध्ये. आणि खिळ्यांभोवती काळे ओघळ काढू नका. ओक लाकडातील आम्लामुळे लोखंड खराब होते आणि आजूबाजूचे लाकूड काळवंडते. सागवानातील तेल उलट लोखंडाला जपते. ओकच्या जहाजांवरची ही युक्ती सागाच्या जहाजावर जशीच्या तशी वापरलेली पाहिली की माझे तरी चित्त विटते.

कल्याणचा वाचक :

सागवान यांच्याशी सहमत. केवळ एक पर्याय सुचवतो. आपल्या जिल्ह्याशी थेट नाते असलेली नौका करायची असेल तर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी या खाडीत जी जहाजबांधणी सुरू केली तिचा विचार करा. १६५९ च्या पोर्तुगीज कागदपत्रांत रुय लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा यांच्या देखरेखीखाली ही जहाजे बांधली जात असल्याचे उल्लेख आहेत, म्हणजे त्या नौकांवर वसईच्या पोर्तुगीज कारागिरीची छाया असणे शक्य आहे.

गलबताचे माप काढणेही तुलनेने सोपे आहे. ऑर्म मोठ्या गलबताला चाळीस ते पन्नास वल्ही सांगतो. म्हणजे एका बाजूला वीस ते पंचवीस झाली, आणि वल्हेकऱ्याला हात मागे घेण्यासाठी दोन वल्ह्यांमध्ये तीन फूट तरी सोडावेच लागतात. तेव्हा केवळ वल्ह्यांचा भाग साठ ते पंचाहत्तर फूट होतो. १:७२ ला तो २५ ते ३२ सेंटिमीटर भरेल आणि पुढची चोच व मागचा भाग त्यात आणखी मिळवावा लागेल.

दिवाळे बंदर (बेलापूर) :

मला प्रतिकृतींतले काही कळत नाही, परंतु लाकडी होड्यांच्या घरात वाढलो असल्यामुळे फळीच्या रंगाबद्दल लिहिण्याचे धाडस करतो. आज दिवाळ्याच्या किंवा ठाण्याच्या बंदरावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या ज्या होड्या दिसतात तो अलीकडच्या डबाबंद ऑइलपेंटचा प्रताप आहे. त्यांवरून जुन्या नौकांचा अंदाज बांधू नये. आमच्या आजोबांच्या वेळी पाण्यावरच्या फळीला मुशीच्या तेलाचा हात देत असत. नव्या फळीवर तेल लावले की ती मधासारखी पिवळसर दिसते. पुढे ऊन आणि धूळ त्या चिकट तेलात बसत जाते आणि दरवर्षीच्या हातासरशी फळी गडद होत शेवटी जवळजवळ काळी पडते. जिथे जाळे किंवा दोर घासतो तिथे मात्र खालचे लाकूड उजळ दिसत राहते. कठड्याच्या माथ्यावर तेल टिकत नाही, तेथे लाकूड राखाडी आणि भेगाळलेले असते. म्हणजे एकाच होडीवर वरून खाली आल्यास राखाडी, मग काळपट तपकिरी, आणि मग एकदम पांढरे, असा क्रम लागतो.

पांढरे यासाठी की पाण्याखालच्या अंगाला चुना आणि चरबी किंवा तेल एकत्र मळून त्याचा थर देत. लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून बचाव करण्याची ती जुनी रीत आहे आणि पश्चिम किनाऱ्यावर ती सर्वत्र होती. ताजा थर भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा शुभ्र दिसतो. पाण्यात गेल्यावर त्याला पिवळट करडी झाक येते, पाणरेषेशी शेवाळाची हिरवी कड धरते आणि थर जिथे सुटतो तिथे खालची काळी फळी डोकावते. त्याची जाडीही सर्वत्र सारखी नसते, कारण तो हाताने थापलेला असतो. बोटांच्या ओळी जवळून स्पष्ट दिसतात. आपल्या प्रमाणात त्या दिसणार नाहीत, पण पाणरेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ काढू नये एवढे त्यावरून नक्की ठरते.

आपण साल ठरवणार असाल तर महिनाही ठरवा. पावसाळ्यात नौका वर ओढून ठेवायच्या, सांधे बुजवायचे, तेल-चुना करायचा आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात उतरायचे, हा क्रम आजही मोडलेला नाही. आश्विनातली नौका आणि चैत्रातली नौका या दोन निराळ्या रंगांच्या वस्तू असतात.

सागवान (ऐरोली) :

दिवाळे बंदर यांनी महिन्याचा जो मुद्दा मांडला आहे त्याला कागदोपत्री बळही आहे. कान्होजींच्या समकालीन असलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, गुराबा फार थोर नसाव्यात व फार लहानही नसाव्यात, मध्यम रीतीच्या असाव्यात, आणि पावसाळ्याची छावणी सुरक्षित बंदरात करावी, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे सागाला पुन्हा तेल आणि तळाला नवा चुना मिळण्याचा काळ आरमारातही ठरलेला होता. जहाजांसाठी लागणाऱ्या सागाबद्दलही त्यात सूचना आहेत, त्यामुळे मुख्य लाकूड कोणते यावर वाद घालण्याचे कारण नाही.

चेंदणीकर (ठाणे) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी डिसेंबर १७२१ निश्चित करतो. त्या महिन्यात इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली होती आणि कान्होजींच्या हयातीतील तो मोठा प्रसंग आहे. समुद्रात उतरून तीन-चार महिने झालेली नौका असल्यामुळे तळाचा चुना पांढरा पण मळलेला, पाणरेषेला हिरवी कड नुकती धरू लागलेली, आणि पाण्यावरचे अंग त्याच वर्षी तेल दिल्यामुळे गडद व किंचित तुकतुकीत, असा विचार आहे. गुराब नवी नसून काही पावसाळे पाहिलेली आहे असे मानतो.

आता लाकडाचा प्रश्न. फळ्यांना खरा साग वापरून त्यावर खरेच माशाचे तेल द्यावे काय?

वखारवाला (तुर्भे) :

कृपया देऊ नका, घरातील मंडळी आपल्यासह नौकेला बाहेर काढतील. वासाची गोष्ट सोडली तरी ते तेल वर्षानुवर्षे चिकट राहते आणि काचेच्या पेटीतही धूळ धरते. शिवाय सागाचा पोत जाड असतो. १:७२ ला त्याच्या रेषा आणि छिद्रे बहात्तर पट मोठी वाटतात, आणि फळी खऱ्या सागाची असूनही खोटी दिसते. वखारीत हेदू किंवा शिवण मागा. हेदू बारीक, एकसारख्या पोताचा आणि पिवळसर असतो, फळीच्या पातळ पट्ट्या वाकवताना चटकन तुटत नाही, आणि पाण्यात विरघळणाऱ्या तपकिरी रंगछटेने तो हवा तसा गडद करता येतो. साग घेण्याचा हट्टच असेल तर पाडलेल्या जुन्या वाड्याच्या तुळईतला घ्या. त्याचा पोत दाट असतो. फळ्या झाकायच्या नाहीत हे आता ठरलेच आहे, तेव्हा लाकडाच्या निवडीत काटकसर करू नका.

रंगपेटी (नौपाडा) :

मी मुख्यतः रणगाडे व विमाने रंगवतो, तरी छटांच्या प्रमाणाबद्दल दोन शब्द लिहितो. १:७२ ची प्रतिकृती आपण दोन फुटांवरून पाहतो तेव्हा ती १४४ फुटांवरून पाहिलेल्या खऱ्या नौकेसारखी दिसायला हवी. मधल्या हवेमुळे एवढ्या अंतरावर काळा रंग काळा राहत नाही, गडद करडा होतो, आणि पांढराही किंचित मावळतो. म्हणून दिवाळ्याच्या बंदरावर गेलात तर होडीजवळ जाऊन रंगाची चकती लावून पाहू नका. एखादी तेल दिलेली जुनी लाकडी होडी मिळालीच तर दीडशे फूट मागे सरकून तिच्याकडे पाहा आणि तेथूनच चकती डोळ्यांसमोर धरून जुळवा. माझ्या अंदाजाने अंगाचा पाया गडद तपकिरीत थोडा करडा घालून करावा आणि शुद्ध काळा कोठेही, अगदी तोफांनाही, देऊ नये. बाटलीवरील नावावर विसंबू नका. एकाच नावाचे दोन कंपन्यांचे तपकिरी शेजारी ठेवले तर एक तांबूस आणि दुसरा हिरवट निघतो.

रंग मिसळणे दिवसाच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीपाशी करा. पिवळ्या दिव्याखाली जुळलेल्या दोन छटा सकाळी फटकून वागतात. प्रतिकृती अखेर ज्या दिव्याखाली ठेवायची त्या दिव्याखालीही नमुन्याची पट्टी एकदा तपासावी.

शिडे कोऱ्या सुती कापडाची असत, म्हणजे पांढरी नव्हे, सायीच्या रंगाची. मांजरपाट वापरण्याचा मोह होईल, पण त्याची वीण या प्रमाणाला फार ठसठशीत आहे. जुने झिजलेले मलमल घ्या आणि चहाच्या अगदी फिक्या पाण्यात बुडवून काढा. दोर काथ्याचे होते. युरोपीय संचांत उभ्या दोरांसाठी काळा धागा देतात तो डांबर दिलेल्या तागासाठी असतो. आपण सर्वत्र सोनेरी तपकिरी धागा वापरा, नांगराचा दोर तेवढा ओला म्हणून गडद करा.

निशाणाबाबत आग्रहाची विनंती आहे की बाजारात मिळणारा झगमगीत केशरी कपडा घेऊ नये. तो रंग आधुनिक रासायनिक रंगद्रव्याचा आणि कृत्रिम धाग्याचा आहे. भगवे वस्त्र गेरूत किंवा कावेत बुडवून होत असे आणि त्याची छटा विटकरीकडे झुकते. समुद्रावरच्या उन्हात महिनाभर फडकले की वाऱ्याकडची कड आणखी फिकी पडते.

कल्याणचा वाचक :

एक शंका. तेल, चुना आणि उघडे लाकूड हे सर्व मान्य केले तरी सरखेलाच्या, म्हणजे आरमारप्रमुख कान्होजींच्या, ताफ्यातली गुराब इतकी निरलंकृत असेल काय? निदान मागच्या बाजूला काही रंगकाम असणारच. गेरू, हिरमजी, काजळ, नीळ हे रंग तर किनाऱ्यावर सहज मिळत होते. हिरमजी मातीचा व्यापार होर्मुझहून समुद्रमार्गेच चालत असे. सॉल्व्हिन्स याने १७९९ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केलेल्या रंगीत चित्रसंग्रहात नौकाही आहेत, त्यांचा आधार घेता येणार नाही का?

सागवान (ऐरोली) :

सॉल्व्हिन्सची चित्रे कोरीव ठशांची असून रंग नंतर हाताने भरलेले आहेत, म्हणून रेषेवर विश्वास ठेवावा आणि रंगावर बेताचाच ठेवावा. शिवाय ती अठराव्या शतकाच्या अखेरची, बंगालमध्ये पाहिलेली जहाजे आहेत.

तरीही आपली शंका रास्त आहे, मी ती फेटाळत नाही. रंगकाम करायचेच असेल तर स्वस्त आणि टिकाऊ तेच निवडावे. गेरू किंवा हिरमजी तेलात घोटून मागच्या कठड्याच्या आतील बाजूस आणि तोफांच्या गाड्यांना देता येईल. काजळाची एक पट्टी जाड फळीवर शोभेल. निळीला मी हात लावणार नाही, ती तेलात आणि उन्हात फार काळ तग धरत नाही. नक्षी मात्र काढू नये. प्रतिकृतीसोबत एक लहान फलक ठेवून त्यावर चोच, तोफा व डेकची ठेवण ऑर्मच्या वर्णनानुसार, तेल व चुना किनाऱ्यावरील रूढीनुसार आणि गेरूचे काम कर्त्याच्या तर्कानुसार असे स्वतंत्रपणे लिहावे. पाहणाऱ्याला कशावर किती विसंबायचे ते कळेल, आणि पुढे एखादा नवा कागद हाती आला तर तेवढाच भाग पुन्हा रंगवता येईल; म्हणून गेरूखाली रोगणाचा एक पातळ हात आधी देऊन ठेवा.

चेंदणीकर (ठाणे) :

फलकाची सूचना तंतोतंत पाळतो. शनिवारी तुर्भ्याला हेदू पाहायला येईन. वखारवाले, दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या तेथेच कापून मिळतात, की अखंड फळी घेऊन घरी चिरावी लागेल?

वखारवाला (तुर्भे) :

दीड मिलिमीटर वखारीतल्या करवतीवर निघत नाही, पात्याच्या जाडीतच निम्मे लाकूड भुशात जाते. एक इंची फळी रंधून घ्या आणि बारीक दातांच्या लहान गोल करवतीवर घरी चिरा. येताना फासळ्यांमधल्या अंतराचे माप घेऊन या, त्याप्रमाणे सरळ रेषांची फळी निवडून देता येईल.